अडतीस किलो, पोटातलं धरून

“चढ काट्यावर,” आबा म्हणाले.

मला वाटलं, हमालाला म्हणाले. माणसाला काट्यावर चढवत नाहीत असा माझा तेव्हा समज होता. ढेपेला वाट द्यावी म्हणून मी बाजूला झाले.

“तुलाच म्हणतोय. चपला काढ. चपलांचं वजन कशाला धरायचं?”

चपला माझ्या पायात नव्हत्याच. ते बघून गुळव्या हसला. पाक झाला की नाही ते गुळव्या ठरवतो, गुऱ्हाळावर मालकाच्या, म्हणजे आबांच्या, खालोखाल त्याचा मान. तो हसला की बाकीच्यांनी हसायचं असतं. सगळे हसले. मीही हसले. आता विचार करते तर वाटतं, घोटाळा तिथंच झाला.

मी एकोणीस वर्षांची. सातवा महिना. काट्याची लोखंडी फळी सकाळच्या थंडीनं इतकी गार की तळव्यांना चटका बसला. तोलणाऱ्यानं माप सरकवलं, वाकून बघितलं आणि सगळ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल असा ओरडला, “अडतीस.”

“पोटातलं धरून?” आबांनी विचारलं.

“पोटातलं धरून.”

“मंजी एक ढेप आन् वर आठ किलो,” आबा म्हणाले. आमच्या गुऱ्हाळावर तीस किलोची ढेप असायची. “लिव्ह भितीवर. सांजच्याला परत चढवायची. वाढली तर समजायचं, गूळ कुणाच्या पोटात जातोय.”

तोलणाऱ्यानं कोळसा उचलला आणि शेडच्या चुन्याच्या भिंतीवर आकडा लिहिला. आमच्या घराण्यात भिंतीवर नाव लागलेलं पहिलं माणूस मी. नाव म्हणजे आकडा. पण लागला.

चोरी मी केली होती, ते आधी कबूल करते. ढेप घालतात त्या साच्यात आधी ओलं फडकं अंथरतात. गूळ घट्ट झाला की फडक्यासकट ढेप काढायची, फडकं सोडवायचं, धुवायचं, परत अंथरायचं. फडकी धुवायचं काम माझ्याकडं. एरवी आम्हा बायकांचं काम चिपाडाचं. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड उन्हात पसरायचं, वाळलं की भारे बांधून जाळायला चुलवाणापाशी आणून टाकायचं. पण माझं पोट दिसायला लागल्यावर गुळव्यानं मला चुलवाणापासून लांब केलं. पोटुशी बाई काहिलीजवळ आली की गूळ बसत नाही म्हणे. तेवढी मोठी काहील, खाली तेवढा जाळ, आणि त्याला माझ्या पोटातल्या मुठीएवढ्या जिवाची भीती. मला जरा मोठेपणाच वाटला होता.

तर फडकी धुताना मी एका फडक्याचं टोक तोंडात धरलं. चोखलं. गूळ किती असणार त्यात? जिभेला चव लागेल एवढा. पण त्या दिवसांत मला गूळ नुसता दिसला तरी तोंडात पाणी यायचं, आणि गूळ नसला तर चुलीची माती खावीशी वाटायची. आबांनी नेमकं बघितलं.

गुऱ्हाळाची रीत अशी की आल्यागेल्याला रिकामं पाठवायचं नाही. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस असला तरी हाक मारून बोलवायचं, रस द्यायचा, पळसाच्या पानावर गरम गूळ द्यायचा. आबा तर त्या बाबतीत लय दिलदार. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. आम्हालाही हंगामाच्या पहिल्या दिवशी रस मिळायचा, आपापल्या तांब्यात, वरून ओतलेला. पुढचे तीन महिने आम्ही काही आलेगेले नव्हतो. आम्ही तिथंच होतो.

संध्याकाळी परत चढवली. सगळे काम टाकून बघायला आले. तोलणारा वाकला, सरळ झाला, परत वाकला.

“साडेसदतीस,” तो म्हणाला.

एवढं हसू मी त्या गुऱ्हाळावर कधी ऐकलं नव्हतं. गूळ खाऊन वाढायच्या ऐवजी बाई अर्धा किलो घटली. आबांनी पोट धरलं. “निर्दोष सुटली रं,” ते म्हणाले. मग डोळे पुसून म्हणाले, “उद्या परत.”

आमचे हे चरकाला ऊस लावत होते, दहा पावलांवर. त्यांनी बघितलं. मग पुढचा ऊस उचलून चरकात घातला. मी त्यांना कधी दोष दिला नाही. चरकात हात असताना माणसानं इकडंतिकडं बघू नये, हे खरंच आहे.

ते मग रोजचंच झालं. सकाळी एक आकडा, संध्याकाळी एक. चोरी पकडायचा विषय चार दिवसांत मागं पडला, खेळ उरला. आज किती घटणार यावर बिडीची पैज लागायची. मी अर्धा किलो घटले की जळव्या जिंकायचा, पाव किलो घटले की तोलणारा. जळव्या चुलवाणात चिपाड सारायचा, बिचाऱ्याला दिवसभर जाळापुढून हलता यायचं नाही, तेवढीच त्याची करमणूक. एकदा मी त्याच्यासाठी दुपारी पाणी कमी प्यायले. खोटं कशाला सांगू. लोक आपल्यामुळं हसतात म्हटल्यावर माणूस मदत करायला लागतो.

घरी सासूबाई होत्या. बाई वाईट नव्हती. तिनं मला कधी हात लावला नाही, वाकडा शब्द नाही. फक्त सातवा लागल्यावर माझ्या पानातली एक भाकरी काढून घेतली.

“पोट भरून खाऊ नगंस,” त्या म्हणाल्या. “आन्न लय झालं की लेकराला जागा ऱ्हात न्हाई. आन् लेकरू मोठं झालं की अडतंय. माझी जाऊ तशीच गेली.”

जाऊ तशी गेली होती, हे खरं होतं. म्हणून त्यांनी जे केलं ते जीव लावूनच केलं. गावात यायची ती नर्सबाई लाल गोळ्यांची पाकिटं देऊन गेली होती. ती सासूबाईंनी खुराड्यावर ठेवली, कोंबड्यांच्या वर. गोळ्यांनीही पोर मोठं होतं असं त्यांनी ऐकलेलं. मी विचारलं नाही. मी सगळ्यांच्या शेवटी जेवायची. एक भाकरी, आमटी असली तर आमटी, नसली तर तिखट. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझं माहेर जतकडं, कर्नाटकच्या शिवेला. माझी आई, अव्वा, दोनदा निरोप पाठवून दमली. पण हंगाम चालू होता, सासूबाई म्हणायच्या, “हलतं-फिरतं ऱ्हायलं की सुटका सोपी हुती,” आणि काट्यावर चढायला दुसरं कोण होतं?

भिंतीवर आकडे वाढत गेले. म्हणजे रांग वाढत गेली, आकडे उतरत गेले. अडतीस, साडेसदतीस, सदतीस. महिन्याभरानं सकाळचाच आकडा छत्तीस. पोट पुढं येत होतं आणि बाई उतरत होती. पायाला सूज, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. त्या भिंतीवरून दिवसाला वीस माणसं जायची. सगळ्यांना वाचता येत होतं.

आठव्यातच कळा सुरू झाल्या. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात नेली. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, चिडलेली, दमलेली. तिनं माझी पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, “गरोदरपणात वजन कधी केलं होतं?”

“रोज,” मी म्हणाले. “दोन येळा.”

“नोंद कुठाय?”

“गुऱ्हाळाच्या भितीवर.”

तिला वाटलं, मी चेष्टा करते. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेली.

मुलगी झाली. तिलाही काट्यावर ठेवलं, पांढऱ्या, ताटलीच्या काट्यावर. “एक किलो चारशे,” कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकलं. सासूबाईंच्या मनासारखं झालं होतं. लेकरू लहान होतं, अडलं नाही.

सहा दिवस होती.

बारसं बाराव्या दिवशी असतं. त्यामुळं तिला नाव नाही.

आता इथपर्यंत जे सांगितलं, त्यातलं शेवटचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि पहिलं ज्याला सांगितलं नाही असं माणूस आमच्या भावकीत सापडणार नाही.

कारण मी गोष्टी सांगणारी बाई. लग्नात हळदीला, जेवणं झाल्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुठंही. जावा म्हणतात, हिच्या तोंडाला कुलूप नाही. पोरं म्हणतात, मावशी, ढेपेची सांगा. मी आबांचा आवाज काढायची, तोलणाऱ्याचं वाकणं करून दाखवायची, जळव्याची बिडी. “निर्दोष सुटली रं” म्हटलं की बायका पदर तोंडात धरून हसायच्या. तिथं थांबायचं. अर्धा किलो घटली, सगळे हसले, संपली गोष्ट. सगळ्यात जास्त वेळा ती मी सांगितली दुसऱ्यांच्या बारशात. घुगऱ्या खाता खाता.

आमचे हे त्या वेळी उठून शेरडांना पाला टाकायला जायचे. दर वेळी. मला वाटायचं, त्यांना कंटाळा येतो. शेरडं मात्र चांगली धष्टपुष्ट झाली.

पुढं मुलगा झाला, सागर. त्याच्या वेळी मी माहेरी होते आणि अव्वा मला समोर बसवून जेवू घालायची, त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. सागर टेम्पो चालवतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं, रूपाली घरात आली. पोरगी हसरी. ढेपेची गोष्ट तिनं तिच्या हळदीच्या दिवशीच ऐकली, आणि आल्यापासून दहा वेळा सांगायला लावली.

आबा गेले. गुऱ्हाळ आता त्यांच्या मुलाकडं, विक्रमदादाकडं. वाईच्या वाटेला, हायवेपासून थोडं आत. पाचगणीला जाणारी पुण्याची मंडळी वाटेत उतरतात. विक्रमदादानं पाटी लावली, बाकं टाकली, चुलीवरचं जेवण ठेवलं. लोक गरम गूळ खातात, काकवीच्या बाटल्या घेतात, काहिलीपुढं फोटो काढतात. आणि दारातच तो जुना काटा आहे. लाल रंग दिलेला, झेंडूची माळ घातलेली. त्यावर उभं राहायचं, विक्रमदादा सांगणार तुमच्यात किती ढेपा बसतात. मंडळी खूश.

ही कल्पना त्याला माझ्या गोष्टीवरून सुचली. ते तो सगळ्यांना सांगतो, मनाचा मोकळा आहे. रविवारी तो मला चिपाडावरून बोलावून घ्यायचा, हातात माईक द्यायचा. “आमच्या मावशी. आबांच्या वेळच्या. आबांचा स्वभाव लय इनोदी होता, त्या सांगतील.” मी पदर सावरून सांगायची. टाळ्या पडायच्या. कुणी म्हणायचं, किती ओरिजिनल आहेत. मला आवडायचं. का आवडू नये? पंचवीस-तीस वर्षं चिपाड पसरणाऱ्या बाईला कोण टाळ्या देतं?

ह्या हंगामात रूपालीला दिवस होते. पाचव्या महिन्यात आशाताई घरी आल्या, रक्त तपासायला नेलं, परत आल्या त्या तोंड उतरवून.

“मावशी, हिचं रक्त सात आलंय. लय कमी. वजन बी वाढत न्हाई. गोळ्या चुकवू नका, आन् जेवण वाढवा. डाळ, अंडी, भाजी. अशीच राहिली तर बाळंतपणात दोघांच्या जिवाला धोका हाय.”

“खाती की,” मी म्हणाले. “आमी काय तिला उपाशी ठेवतोय व्हय?”

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. आमच्या घरात कुणी कुणाची भाकरी काढून घेत नाही. फक्त आधी सागर आणि आमचे हे जेवतात, मग मी बसते, मला संधिवात म्हणून फार वेळ थांबवत नाही. मग रूपाली. अंडी दोन असली तर ती कुणाच्या पानात जातात, हे मी कधी बघितलं नव्हतं. मी आधी उठलेली असायची.

आणि तिला गुऱ्हाळावर मीच नेली. सागर नको म्हणत होता. मी म्हणाले, “घरात बसून काय करती? हलतं-फिरतं ऱ्हायलं की सुटका सोपी हुती.” हे वाक्य कुणाचं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

एक दिवस ती फडकी धूत होती. मी भारा टाकून वळले, तर फडक्याचं टोक तिच्या तोंडात. मला बघून दचकली. मी काय केलं असेल? हसले. सगळ्या बायकांना हाक मारून सांगितलं, “बघा गं, घराण्यातच हाय.” त्याही हसल्या. रूपालीही हसली आणि फडकं पाण्यात बुडवलं. तिचे ओठ पांढरे होते. ते मला दिसले. दिसले आणि मी पुढचा भारा आणायला गेले.

त्यानंतरचा रविवार. गर्दी होती. बाकावर एक पोटुशी पाहुणी बसलेली, पुण्याची, सहा-सात महिन्यांची असेल. विक्रमदादानं स्वतः खुर्ची आणून दिली होती, पाठीला उशी. तिच्या नवऱ्यानं पानावर गूळ घेतला, तिच्या हातात दिला. “खा गं, लोह असतं.” पोटुशी बाई काहिलीजवळ आली की गूळ बसत नाही, हे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

मी माईक घेऊन सांगत होते. अडतीस झालं, एक ढेप वर आठ किलो झालं. तेवढ्यात विक्रमदादानं हात वर केला.

“थांबा मावशी. आज पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवू. रूपाली वहिनी, या इकडं. या, लाजू नका.”

रूपाली डोक्यावर चिपाडाचा भारा घेऊन चालली होती. तिनं भारा टाकला. माझ्याकडं बघितलं.

तिथं मी बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाही. माईक हातात होता.

ती हसली. तेच मला सोसलं नाही, पण ते नंतर. ती हसली, कारण तिच्या लेखी ही गंमतच होती. तिला दुसरं काही मी शिकवलंच नव्हतं. तिनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि काट्यावर चढली. मोबाईल वर झाले.

विक्रमदादा वाकला. “एकेचाळीस,” तो ओरडला. मग माझ्याकडं वळून, “मावशी, तुमच्यापेक्षा तीन किलो जास्त. प्रगती हाय.”

सगळे हसले. रूपालीनं पदर तोंडाला लावला, तीही हसत होती, आणि तिचा दुसरा हात काट्याच्या दांडीला घट्ट धरलेला. बोटं पांढरी पडलेली. तिला गरगरत होतं. मला माहीत आहे कसं गरगरतं. त्याच फळीवर.

“मग काय झालं मावशी?” विक्रमदादा म्हणाला. “संध्याकाळी किती भरलं?”

“साडेसदतीस,” मी म्हणाले. ते आपोआप निघालं.

परत हसू. टाळ्या पडायला लागल्या. दर रविवारी इथंच पडतात.

“थांबा,” मी म्हणाले. “गोष्ट संपली न्हाई.”

विक्रमदादाला वाटलं, मी आज काहीतरी नवीन घातलंय. तो कौतुकानं बघत राहिला.

मी सांगितलं. आवाज काढले नाहीत. म्हणाले, महिन्यानं मी छत्तीस भरले. आठव्यात मुलगी झाली. ती एक किलो चारशे ग्रॅम भरली. ती सहा दिवस जगली. तिचं नाव ठेवलं नाही. मी ह्या काट्यावर रोज दोन वेळा चढत होते, आणि बाई वाळत चाललीय हे इथल्या एका माणसानं म्हटलं नाही. मी बी नाही म्हटलं. एवढंच.

काहिलीत रस उकळत होता. रूपाली काट्यावरच उभी. ती माझ्याकडं बघत होती. हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं होतं, ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. एक एक मोबाईल खाली गेला. कुणी सॉरी म्हणालं. कुणाला, ते कळलं नाही.

विक्रमदादानं माझ्या हातातला माईक घेतला. बंद केला. हळू आवाजात म्हणाला, “मावशी, सुट्टीच्या दिवशी लोक मजा करायला येत्यात. असलं कशाला?” मग मोठ्यानं, “चला, चिपाड आणा. आच पडायला लागली.”

आच खरंच पडत होती. गुऱ्हाळात एकदा रस काहिलीत चढला की जाळ थांबवता येत नाही. मध्येच आच पडली तर गूळ बसत नाही, काळा पडतो. म्हणून दिवसभर चिपाड येत राहायला लागतं. आणि ते आम्ही आणतो. आम्ही सहा बायका. आम्हीच. इतकी वर्षं मी ते भारे वाहिले, पण हे वाक्य माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. कळायला जरा उशीरच लागतो मला.

मी रूपालीला काट्यावरून उतरवली. चपला तिच्या पायांपुढं सरकवल्या. आणि खाली बसले, चिपाडाच्या ढिगाला टेकून. गुडघे कटकन वाजले. विद्रोह करणाऱ्या बाईचे गुडघे वाजू नयेत, पण वाजले.

“मावशी, चिपाड,” जळव्या ओरडला. तो त्या जळव्याचाच मुलगा.

“न्हाई आणत.”

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. सुमन माझी जाऊ, तिनं भारा उचललेला होता. तो तिनं परत खाली ठेवला. मग दुसरीनं. कुणी घोषणा दिली नाही. बसल्या, एवढंच. एकीनं तंबाखू काढली.

विक्रमदादा आला. आधी हसून, मग न हसता. “काय पाहिजे तुमाला?”

“हिला जेवायला वाढ.”

“आवं, दुपारी जेवतील की समद्या. आधी एवढी काहील उतरू दे.”

“आधी हिला. पाहुण्यांच्या बाकावर. बसून. डाळ, भाजी, अंडं, जे पाहुण्यांना वाढतोस ते.”

“पाहुण्यांच्यात?”

“व्हय.”

“मावशी, काय बोलताय? आबांनी तुमाला…”

“आबांनी मला काट्यावर चढवलं, विक्रमदादा. त्यापुढचं तुला म्हाईत न्हाई. आता कळलं. वाढ.”

तो काहिलीकडं बघत होता. गुळव्या तिकडून हात हलवत होता. फेस खाली बसायला लागला होता.

विक्रमदादानं आत हाक मारली. ताट आलं. रूपाली पुण्याच्या बाईच्या शेजारी बाकावर बसली. दोन्ही पोटं सारखीच पुढं आलेली. त्या बाईनं उशी पुढं केली, रूपालीनं ती मांडीवर धरून ठेवली, उशीचं काय करतात ते तिला माहीत नव्हतं. पहिला घास तिनं माझ्याकडं बघूनच घेतला. मग बघायची थांबली. मी तिला जेवताना कधी बघितलं नव्हतं. दोन वर्षं एका घरात, आणि माझी सून कशी जेवते ते मला माहीत नव्हतं. भराभर जेवते. कुणीतरी उठवील अशी. तीन भाकरी खाल्ल्या. तिसऱ्या भाकरीला मला माझ्या डोळ्यांचं काय करावं कळेना, म्हणून मी चिपाड मोजत बसले.

तिनं हात धुतले, तेव्हा आम्ही उठलो. भारे टाकले. पण ती काहील गेली ती गेलीच. गूळ काळा झाला, साच्यात बसला नाही.

गोड शेवट नाही याला. संध्याकाळी विक्रमदादा म्हणाला, “मावशी, उद्यापासनं तुमी दोघी येऊ नका.” सुमन आमच्याबरोबर सुटली. बाकी तिघी जातात. त्यांना मी काही म्हणत नाही. मी स्वतः किती वर्षं गेले.

घरी येऊन रूपालीनं मला एकच विचारलं. “आत्या, ती गोरी होती का?”

“व्हय,” मी म्हणाले. “तुझ्याएवढी न्हाई.”

आमचे हे बाहेर शेरडांपाशी होते. ते त्या दिवशी पाला टाकून आत आले, आणि पहिल्यांदा बसून राहिले. उंबऱ्यापाशीच. पण बसले.

रूपालीला आता आठवा लागलाय. आशाताई तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेतात, लोहाची सुई लावतात, मी बरोबर जाते. रक्त नऊच्या पुढं सरकलंय. वजन पंचेचाळीस. डॉक्टर म्हणतात, धोका गेला असं अजून म्हणता येत नाही. मला रात्रंदिवस तेच. मागच्या खेपेला तिथल्या पोरीनं काट्यावरचा आकडा मोठ्यानं सांगितला. मी म्हणाले, “बाई, आकडा कागदावर लिव्ह, आन् तिला कानात सांग. गावाला ऐकवायची गरज न्हाई.” पोरगी रागानं बघत राहिली. पण कानात सांगितला.

गुऱ्हाळाच्या दारात लाल काटा तसाच आहे. दर रविवारी माळ बदलतात. मीही दर रविवारी जाते. आत नाही, रस्त्यावर. रस्ता विक्रमदादाचा नाही. गाडीतून उतरणारी मंडळी काट्यावर चढायला लागली की मी त्यांना गोष्ट सांगते, मुलीच्या सहा दिवसांपासून सुरू करते. काही जण थांबतात. काही जण गाडीत बसून निघून जातात. विक्रमदादानं दोनदा हाकललं, एकदा गावातल्या मोठ्या माणसांना घेऊन आला. त्यांनाही सांगितली. काटा तिथून निघेपर्यंत सांगणार आहे. तोवर गुडघे टिकले पाहिजेत.

आणि घरात. घरात हे ठरलंय, मी ठरवलंय, कुणाला विचारलं नाही. चूल पेटली की पहिलं ताट रूपालीचं. गरम. समोर बसवून. आमचे हे मागून, सागर मागून. तिच्या आधी ह्या घरात कुणी घास उचलणार नाही.

मी बी न्हाई.